शेवटचे वीस फूट

मराठी मध्यमवर्गीय माणसाला घरात सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर ती दिसणाऱ्या वायरची. भिंतीला ओल आली की तो बिल्डरला नावं ठेवतो, फरशी पोकळ वाजली की गवंड्याला. पण भिंतीवरून आडवी गेलेली वायर पाहुण्यांच्या नजरेला पडली की तो स्वतःच कानकोंडा होतो. मग टीव्हीमागच्या गुंत्यापुढे फुलदाणी येते, कपाट चार बोटं सरकतं, आणि रंगारी आला की त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं जातं, ‘त्या वायरवरनं पण एक हात मार रे.’ आमच्याकडे टेलिफोनची अशी एक वायर आहे. फोन काढून टाकून जमाना झाला. वायर मात्र प्रत्येक रंगकामात एकेक थर अंगावर घेत आता भिंतीतच जमा झाली आहे. ती काढली तर भिंतीचा पापुद्रा निघेल म्हणून तिला कुणी हात लावत नाही.

घराघरातल्या वायरींची वंशावळ साधारण सारखीच असते. आधी गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर आली. ती खिडकीच्या फटीतून आत यायची, आणि तिच्यापायी ती खिडकी कधीच नीट लागायची नाही. मग फोनची. मग केबलवाल्याची काळी, जाड, वळवली तरी न वळणारी. २००० नंतर यातलेच काही केबलवाले इंटरनेटही द्यायला लागले, तेव्हा या गच्चीवरून त्या गच्चीवर, वाटेत गुलमोहराच्या फांदीला टेकत, लॅनच्या निळ्या-करड्या वायरी गेल्या. एखाद्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीशेजारी प्लास्टिकचा डबा असे आणि त्यात एक स्विच धुगधुगत असे. वळवाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली की तो डबा जायचा आणि अख्खी गल्ली एकमेकांना फोन करायची, ‘तुमचं चालू आहे का हो?’ स्वतःचं नेट बंद असण्याचं दुःख शेजाऱ्याचंही बंद आहे हे कळल्यावर निम्म्यानं कमी होतं, हे त्या काळात पुष्कळांनी अनुभवलं असेल.

वायफाय आलं आणि या सगळ्यातून सुटलो असं वाटलं. दारापर्यंत केसाएवढी काच, दारात एक डबा, आणि तिथून पुढे सगळं हवेतून. निदान सांगणाऱ्यानं तसं सांगितलं होतं.

आमचा फ्लॅट कोथरूडमधला, तीसेक वर्षांचा. राऊटर चपलांच्या स्टँडच्या वर, कारण जोडायला आलेल्या मुलाच्या ड्रिलला तीच भिंत सोयीची पडली. तिथून नानांच्या खोलीपर्यंत जायचं तर लहरींना वाटेत नऊ इंची विटांची भिंत, एक काँक्रीटचा कॉलम, आरशाचं ड्रेसिंग टेबल आणि आमच्या लग्नातलं लोखंडी कपाट ओलांडावं लागतं. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. अडीचच्या खालचा, २.४ चा, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो. पण तिथे एकमेकांत न मिसळणारी वाटचाल करायला चॅनेल मिळतात तीनच: १, ६ आणि ११. आमच्या विंगमध्ये राऊटर वीस तरी असतील. शिवाय वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा शिस्तीचा मामला आहे. नानांचं कीर्तन, मुलाची लढाई, बायकोची मीटिंग आणि खालच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी पिक्चर हे सगळे आपापली पाळी येण्याची वाट बघत हवेत ताटकळत असतात.

परिणामी घराचा एक अलिखित नकाशा तयार झाला होता. बेडरूममध्ये खिडकीकडे पाठ करून बसलं तर आवाज जातो, चेहरा थिजतो. स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या टोकाला उत्तम. म्हणून बायकोच्या साहेबांना तिमाहीचे आकडे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीसह ऐकावे लागत. ‘माझा आवाज येतोय का?’ हे वाक्य आमच्या घरात ‘चहा घेणार का?’पेक्षा जास्त वेळा बोललं जाई. नानांच्या खोलीत तर बुवांचा आवाज पुढे आणि हात मागे. नाना म्हणत, ‘बुवा थकले रे आता.’

मला एक गोष्ट तेव्हा खटकायला लागली. आपण ज्याला बिनतारी म्हणतो ते कुठून येतं? समुद्राखालून येणाऱ्या कित्येक आंतरराष्ट्रीय केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. जिथे कोळीवाड्यात बोंबील वाळत असतात त्याच किनाऱ्याच्या वाळूखालून युरोप, आखात आणि सिंगापूरकडचं बोलणं देशात शिरतं. तिथून जमिनीखालून, रस्त्याकडेनं, घाटातून, पुण्यात आल्यावर खांबांवरून आणि झाडांवरून ते माझ्या दारापर्यंत तारेनंच येतं. हजारो किलोमीटर तारेनं कुणालाच संकोच नाही. संकोच सुरू होतो तो उंबरठ्याच्या आत. चपलांच्या स्टँडपासून ड्रेसिंग टेबलापर्यंतचे शेवटचे वीस फूट तेवढे हवेतून गेले पाहिजेत, कारण तिथे भिंतीला नुकताच ‘मॉर्निंग मिस्ट’ का काहीसा रंग दिलेला आहे.

हे मी घरात बोलून दाखवलं. बायको म्हणाली, ‘वर्सोव्याचं मला माहीत नाही. दिवाणखान्यात वायर दिसली नाही म्हणजे झालं.’ याला मी संमती समजलो.

ठरलं, घरातही तारच ओढायची. पुण्यात लॅनचा स्विच आणि वायर असलं काही घ्यायचं तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. आता तिथे तपकीर मिळत असेल तर मला दिसलेली नाही; मिळतात त्या वायरी, दिव्यांच्या माळा, रिमोट, चार्जर, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानात शिरावं एवढा रस्ता. काउंटरवर दुकानदारानं न बघताच विचारलं, ‘काय काय जोडायचंय?’

मी सांगितलं: दोन टीव्ही, एक लॅपटॉप, मुलाचा पीसी.

‘म्हणजे चार. आणि राऊटरकडनं येणारी एक. पाच पोर्टचा घेतलात तर आजच भरला.’ पाच पोर्ट म्हणजे चारच, कारण एक येण्यात जातो, हे हिशेबाला सोपं असून दुकानात हमखास विसरलं जातं. ‘आठचा घ्या.’

‘पण आठ लागतील का?’

‘काका, रिकामं भोक घरात टिकत नाही.’

शंभर मेगाबिटवाला पाच-सहाशेला होता, गिगाबिटचा पाच पोर्टचा हजार-बाराशेला, आठचा त्याच्यावर चार-पाचशे. एका खोक्यावर वेर्णा, गोवा असा पत्ता होता; डी-लिंकच्या भारतीय कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय तिथल्या औद्योगिक वसाहतीत आहे. काजू, कोकम आणि एक तिसरी गोष्ट सोडून गोव्याहून आणखी काही येतं हे कळून बरं वाटलं. वायर त्यानं पेटीतून ओढून दिली. पेटी ३०५ मीटरची, म्हणजे हजार फुटांची, आणि वायरीच्या अंगावरच मीटरचे आकडे छापलेले. त्यामुळे फूटपट्टीचं काम नाही, वजाबाकीचं तेवढं. ‘स्वस्तातली पण आहे,’ तो म्हणाला, ‘आत ॲल्युमिनियम, वरनं तांब्याचा मुलामा. देऊ का?’ ज्या सुरात त्यानं विचारलं त्या सुरात आजपर्यंत कुणी ‘हो’ म्हटलं नसणार.

घरी खोकं उघडलं. आत तळहातापेक्षा थोडा मोठा डबा, एक अडॅप्टर, आणि वीस-बावीस भाषांतलं एक पत्रक, ज्यात मराठी नव्हतं आणि त्यामुळे वाचायचा प्रश्न मिटला. नानांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

‘बटण कुठाय याचं?’

‘नाही बटण, नाना.’

‘पासवर्ड?’

‘तोही नाही.’

‘ॲप?’

‘काहीच नाही. लावला की चालू.’

नानांनी तो टेबलावर ठेवला. ज्या वस्तूला काही विचारायचं नाही ती आजकालची नाही, असा एक संशय त्यांच्या चेहऱ्यावर होता.

वायरमन आला तो भिंतीकडे बघत, मान हलवत. ‘काका, कॉन्सिल करताना एक पाइप जास्त टाकला असता तर आज काम नव्हतं.’ तीस वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये कुणालाही हे सुचायला हवं होतं, असा त्याचा सूर. दिव्यांच्या पाइपातून ही वायर नेणं बरं नव्हे हे त्याला ठाऊक होतं. फोनच्या जुन्या पाइपात त्यानं स्प्रिंग घालून बघितली. ती वळणावर अडली आणि मागे येताना थोडी वाळू आणि झुरळाचा एक पंख घेऊन आली. राहिली केसिंग पट्टी. मग ती कुठून न्यायची यावर गृहखात्याशी बोलणी झाली. वायरमनला सरळ रेघ हवी होती, बायकोला अदृश्य. तडजोड म्हणून पट्टी स्कर्टिंगच्या कडेनं गेली, दाराच्या चौकटीला वळसा घालून वर चढली, पडद्यामागून पलीकडे उतरली. वीस फुटांचं अंतर वायरीनं जवळजवळ पन्नास फुटांत कापलं. गिगाबिटला १०० मीटरपर्यंत काही वाटत नाही, त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

कनेक्टर मारणं हे मात्र बघण्यासारखं काम. वरचं आवरण दीड इंच सोललं की आत चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीला तिच्याच रंगाची रेघ असलेला पांढरा जोडीदार. कॅट सिक्समध्ये मधोमध अधिकच्या चिन्हासारखी प्लास्टिकची काडी असते, जोड्यांना एकमेकींपासून लांब ठेवायला. प्रत्येक जोडी पिळलेली, आणि प्रत्येकीचा पीळ वेगळा. पीळ उगाच नाही. जोडीतल्या दोन तारांवरून एकच सिग्नल उलटसुलट जातो; बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडे दोघींतला फरक तेवढा घेतला की गोंगाट आपोआप वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं टेलिफोनसाठी काढली, १८८१ चं त्याचं पेटंट आहे. वायरमननं ते पीळ अंगठ्यानं मोडून आठ तारा सरळ केल्या आणि तोंडातल्या तोंडात म्हणत एका ओळीत बसवल्या: ‘केशरी पांढरी, केशरी, हिरवी पांढरी, निळी, निळी पांढरी, हिरवी, तपकिरी पांढरी, तपकिरी.’ हिरव्या जोडीची ताटातूट करून मध्ये निळी का घुसते, असं मी विचारलं. ‘तसंच असतंय,’ तो म्हणाला. खरं कारण जुनं आहे. टेलिफोनच्या जोडीची जागा मधोमध ठरलेली होती. पुढच्यांनी ती तिथेच राहू दिली आणि हिरवीला तिच्या दोन बाजूंना बसवलं. म्हणजे आमच्या घरातून गेलेला फोन प्रत्येक लॅन केबलच्या मध्यभागी आपली खुर्ची राखून आहे.

सगळं जोडलं, दिवे लागले. नानांच्या खोलीकडे जाणारा मात्र पिवळा. आमच्या डब्यावर हिरवा म्हणजे गिगाबिट, पिवळा म्हणजे शंभर किंवा त्याहून कमी. गिगाबिटला चारही जोड्या लागतात; एखादी तार कनेक्टरमध्ये नीट टेकली नसली तरी दोन जोड्यांवर शंभराचं काम चालतं, आणि घरमालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. वायरमननं न बोलता टोक कापलं आणि पुन्हा मंत्र म्हटला. दिवा हिरवा झाला.

आता हा बिनबटणाचा डबा काम कसं करतो, हे मला नानांना समजावून सांगायचं होतं. त्यांना सोसायटीचा वॉचमन पटला. नवा वॉचमन येतो तेव्हा त्याला कोण कुठे राहतं याची गंधवार्ता नसते. पार्सल आलं की तो सगळ्या मजल्यांवर हाक देतो. पण कुणाला ‘तुम्ही कोण?’ असं विचारत बसत नाही. कुठल्या दारातून कोण बाहेर पडलं हे बघून ठेवतो. जोशी एकदा दुधाला बाहेर पडले की पुढचं पार्सल थेट जोशींच्या दारात. स्विचचंही इतकंच. प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा, लिहायला गेलं तर बारा अक्षरांचा पत्ता असतो. यंत्र काही पाठवतं तेव्हा त्यावर ‘प्रेषक’ लिहिलेलं असतंच. स्विच तेवढं वाचतो आणि हा पत्ता अमुक भोकात, अशी नोंद करतो. ज्याची नोंद नाही त्याचं टपाल, ते जिथून आलं ते भोक सोडून, सगळीकडे. आणि साधारण पाच मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही तर नोंद पुसतो. घर सोडून गेलेल्यांची नावं लक्षात ठेवून उपयोग काय? याच्या आधी हब नावाचा प्रकार होता. तो कायम पहिल्याच दिवसाचा वॉचमन, जन्मभर सगळ्या मजल्यांवर हाका मारणारा.

‘म्हणजे बोलतो कमी, बघतो जास्त,’ नाना म्हणाले.

या तारेच्या धंद्याची मुळं रेडिओत आहेत, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. हवाई बेटांवरच्या विद्यापीठानं १९७१ साली बेटाबेटांवरचे संगणक जोडायला रेडिओवरचं अलोहानेट सुरू केलं. त्याचा अभ्यास करून बॉब मेटकाफनं १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली, आणि डेव्हिड बॉग्जच्या साथीनं ती उभी केली. एक जाड केबल, सगळे तिच्यावर, वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हायचं, मनाला येईल तेवढं थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणजे हवेतली रीत तारेत आली, आणि पुढे वायफायनं ती थोडी बदलून परत हवेत नेली. दरम्यान १९९० च्या सुमाराला कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीनं सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला आणि केबलसाठीची ही थांबाथांबी संपायला लागली. विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक. कंपनीला नाव दिलं ते पत्नीचं. १९९४ साली ती सिस्कोनं विकत घेतली. हे मी जेवताना सांगितलं. ‘माझं नाव कशालाही देऊ नकोस,’ बायको म्हणाली. ‘पडद्यामागची पट्टी तेवढी भिंतीच्या रंगाची करून घे.’

आता प्रश्न येतो तो नेहमीचा: नेट वाढलं का? नाही. प्लॅन शंभरचा होता, शंभरचाच आहे. स्विच काही नेट तयार करत नाही. ज्यांना जागेवरून हलायचं नसतं ते, म्हणजे टीव्ही आणि पीसी, हवेतून उठून तारेवर गेले आणि फोनवाल्यांना हवा मोकळी झाली, एवढंच. बुवांचे हात आवाजाबरोबर आले. बायकोची मीटिंग ओट्यावरून टेबलावर गेली, आणि तिच्या साहेबांनी म्हणे दोनदा विचारलं, ‘आज कुकर नाही?’ मुलगा हरला की पूर्वी ‘नेट’ म्हणायचा. आता त्याला दुसरं कारण शोधावं लागतं. सध्या तो खुर्चीला दोष देतो.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा एक उलटा प्रकार कळला. राऊटर छोट्या यूपीएसवर आहे, स्विच साध्या प्लगवर. अंधारात वायफाय जिवंत आणि तारवाले सगळे गप्प. दोन-तीन वॉट खाणारा तो डबा, त्यालाही त्याच यूपीएसमधून पाजावं लागलं.

खरा प्रसंग ओढवला तो नानांच्या टापटिपीमुळे. स्विचमध्ये एक छोटी जादा वायर मी लावून ठेवली होती, कुणाला लॅपटॉप जोडायचा झाला तर असावी म्हणून. तिचं दुसरं टोक टेबलाखाली लोंबत होतं. लोंबतं टोक नानांना बघवत नाही. शर्टाचा धागा असो, पडद्याची दोरी असो. त्यांनी ते उचललं आणि समोर दिसलेल्या रिकाम्या भोकात खट्‌कन बसवलं. आता वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात. घरातल्या कुठल्याशा यंत्रानं ‘अमुक पत्ता कुणाचा?’ असा सगळ्यांसाठीचा पुकारा केला, तो एका टोकातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत आला, पुन्हा सगळीकडे गेला, पुन्हा आत आला. इथरनेटच्या निरोपाला वय नसतं. किती वेळा फिरलास हे त्याला कुणी विचारत नाही. क्षणात सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे फडफडायला लागले आणि घरातलं सगळं, अगदी वायफायसुद्धा, थिजलं.

यावर उपाय नाही असं नाही. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंटमध्ये असताना, स्विचांनी आपापसांत बोलून असे वेढे स्वतःच तोडावेत अशी पद्धत शोधून काढली; जगभरच्या कचेऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. पण ते शहाणपण महागड्या डब्यांत असतं. आमच्या किमतीच्या डब्यात बऱ्याचदा नसतं, आणि आमच्यात नव्हतंच. मी ती वायरच काढून टाकली, दिवे शांत झाले. नाना दारात उभे होते.

‘मी तर नीट लावून ठेवलं होतं.’

‘फारच नीट, नाना.’

त्या रिकाम्या भोकांवर आता कागदाची चिकटपट्टी आहे. तिच्यावर नानांनीच वळणदार अक्षरात लिहिलं आहे, ‘येथे काही लावू नये’. बसस्टॉपवरच्या पाट्यांच्या तोडीचं.

परवा शेजारचे काका शिडी मागायला आले ते शिडी विसरून स्विचपाशी उभे राहिले. पाट्या वाचायची त्यांना सवय आहे. त्यांनी पट्टीखाली बोट घालून मोजलं.

‘तीन रिकामे दिसतात.’

‘हो.’

‘आमच्याकडे कालपासून बंद आहे. तुमच्या गॅलरीतून आमच्या गॅलरीत एक वायर टाकली तर? वायर मी आणतो.’

मी त्यांना सांगायला लागलो: तांब्याची वायर दोन घरांच्या मधून उघड्यावर नेली, तर वीज कडाडली की दोन्हीकडचे डबे एकदम जाण्याची भीती, काचेची असती तर गोष्ट वेगळी, शिवाय तुमचा राऊटर त्याला चुकीच्या भोकात लावलात तर माझ्या घरातली यंत्रं तुमच्या राऊटरकडे पत्ता मागायला जातील, आणि मग... काका मान डोलावत सगळं ऐकत होते. पूर्ण ऐकून घेतल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

‘बरं, ते राहू दे. वायफायचा पासवर्ड सांगा.’

‘तो मी त्यांना सकाळीच दिलाय,’ आतून बायको म्हणाली. ‘त्यांच्या गॅलरीत रेंज येत नाही म्हणून ते आत आलेत.’